काजळकोटाचा सहावा भाग

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले, तरी नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा मी एवढं एक सोडून बाकी सगळं बोलते — गुडघ्याचं, झोपेचं, पावसाचं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्या माणसाला सांगायची छाती मला कधी झालीच नाही.

गोष्ट एका पुस्तकाची आहे. हसू येईल तुम्हाला. पुस्तकापायी कुणी आयुष्यभर मान खाली घालून जगतं का?

माझं माहेर मेहकरच्या पुढं. सातवीत असताना शाळा सुटली — सुटली म्हणजे काय, घरात धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सोडवली. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि मी बेल्लमपल्लीला आले. हे कोळशाच्या खाणीत कामाला. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं एक नळ, नळावर सगळ्या बाया तेलुगू बोलणाऱ्या. मला त्यातले दोन शब्द यायचे, नीळ्ळु म्हणजे पाणी आणि उप्पु म्हणजे मीठ. पाणी आणि मीठ एवढ्यावर माणूस किती बोलणार? हे पाळीवर गेले की मी दार लावून घ्यायची आणि भोंगा होईपर्यंत तशीच बसायची. रडायचीसुद्धा हळू, भिंती पातळ होत्या.

तिथं मला सुभद्राकाकू भेटली. आमच्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहायची, सकाळी बाजारात भाजी विकायची. पंचेचाळिशीची असेल. कपाळ मोकळं, नवरा कधीचाच गेलेला. सोबत एक पोर, कुसुम. बहिणीची पोर, बहीण बाळंतपणात गेली म्हणून मी वाढवली, असं काकू सांगायची. कुसुम तिला मावशी म्हणायची.

पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप झाला. ह्यांना सुट्टी मिळेना. काकूनं आठ दिवस बाजार बुडवला. तांदळाची पेज भरवली, डोक्याच्या जटा झाल्या होत्या त्या एकेक करून सोडवल्या, माझे कपडे धुतले. मी शुद्धीवर येऊन रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको वं, मायघरी हाय असं समज." मी वाचले ती तिच्यामुळं. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना तुम्ही हे विसरू नका, मी तर विसरलेच होते.

आता पुस्तकाचं. ह्यांचे एक दोस्त होते, वानखेडे भाऊजी, खाणीच्या ऑफिसात कारकून. त्यांचं घर चंद्रपूरकडं. महिन्या-दीड महिन्यानं गावी जायचे आणि परत येताना तिथल्या वाचनालयातून माझ्यासाठी एक मराठी पुस्तक आणायचे. स्वतः कादंबऱ्या वाचत नसत. 'वहिनी, तुम्हाले बोलाले कोनी नाही, हे घ्या,' म्हणायचे. असाच एकदा काजळकोटाचा पहिला भाग आला.

जादूची गोष्ट होती. काजळकोट नावाचा काळा किल्ला, जादूगारानं बांधलेला, त्याला सात दरवाजे, एकही उघडत नाही. खाली नदी. नदीवर एक नावाडीण, आणि तिला काठावर सापडलेली एक पोर, तेजा. अंगावर भरजरी शाल आणि मुठीत निळ्या खड्याची अंगठी. तेजानं हात लावला की किल्ल्याचा दरवाजा उघडतो. का उघडतो? ती कुणाची? हे लेखक काही सांगेना. भाग संपायचा आणि प्रश्न तसाच राहायचा.

मी दुपारी मोठ्यानं वाचायची. ऐकायला काकू आणि समोरची सखूबाई, नांदेडकडची. दोघींना अक्षरओळख नव्हती. आणि बघा, ज्या बाईला नळावर धड बोलता येत नव्हतं, तिच्यापुढं दोन बाया श्वास धरून बसायच्या. मला ते फार आवडायचं. पण भीतीही वाटायची — जोडाक्षरात अडखळले तर? म्हणून त्या दिवसाचा मजकूर मी सकाळीच एकटीनं दोनदा वाचून ठेवायची. त्या दोघींना वाटायचं, मीही त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा वाचते आहे. मी तसं वाटू दिलं.

पुढचा भाग येईपर्यंतच्या दिवसांत आम्ही तेजाचे आईबाप शोधायचो. आम्हा बायकांना दुसरं काय येतं? सोयरीक जुळवताना पोरीचं कूळ, मामाचं गाव, आजीचं माहेर, सगळं खणून काढायची सवय. तीच तेजावर चालवली. सखूबाई म्हणायची, पोर त्या काजळकोटाच्या जादूगाराची. बापानं घातलेलं कुलूप लेकीलाच उघडणार. मी म्हणायची, त्या मुलखाच्या राणीची. अंगठी आहे, शाल आहे, आणखी काय पुरावा पाहिजे? काकू म्हणायची, डोंगेवालीची. आमच्याकडं नावेला डोंगा म्हणतात. सापडली-बिपडली काही नाही, तिचीच पोर हाय.

आम्ही हसायचो. मग अंगठी कुठून आली, शाल कुठून आली? काकू भलतंच काहीतरी पकडून बसायची. तेजाला ताप आला तेव्हा नावाडीण सात दिवस जेवली नाही, तिसऱ्या भागात होतं. आणि ती तेजाला कधी पोरी म्हणत नाही, नावानंच हाक मारते. "ज्याले लपवाचं असते ना, त्याचं तोंड असंच जपून चालते," काकू म्हणाली होती. मी पुस्तक चाळून पाहिलं. खरंच, हातातल्या भागात एकदाही 'पोरी' नव्हतं. मला, वाचणारीला, ते दिसलं नव्हतं.

दिसलं नव्हतं, म्हणूनच मी जास्त भांडले. पाचव्या भागानंतर एका दुपारी वाद फार वाढला. मी म्हटलं, काकू, पुस्तक मी वाचते, मला जास्त कळतं. काकू मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू वाचतंस चांगलं, सुमन. पन हे तुले नाही समजाचं. लेकरू होऊ दे, मंग समजन."

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. काकूनं टोमणा मारला नव्हता, हे मला आज माहीत आहे. खरं म्हणजे तेव्हाही माहीत होतं. पण सखूबाईनं पटकन खाली पाहिलं ना — त्या खाली पाहण्यानं माझं अंग जळलं. उठून चहा ठेवला. तिघींनी चहा घेतला.

सहावा भाग आला तो दीड महिन्यानं. त्या सकाळी मी नेहमीसारखी आधी एकटीनं वाचायला बसले. चौथ्या प्रकरणात ते पान होतं. नावाडीण तेजाला सांगते, मी तुला काठावरून उचललं नाही, मी तुला जन्म दिला. शाल आणि अंगठी राणीनं दिली होती, तिच्या अडल्या बाळंतपणात मदत केली म्हणून. नवरा नसताना पोर झाली, म्हणून तू सापडलीस असं मी सगळ्यांना सांगितलं. आणि तेजा काय म्हणते? ते वाक्य मला अजून पाठ आहे. 'मला ठाऊक होतं, आई. तू सांगशील म्हणून थांबले होते.'

काकूचं खरं निघालं होतं. एकूण एक.

मी पुस्तक मिटलं आणि भाकरी थापायला बसले. भाकरी थापता थापता मी वाक्यं जुळवली. हे नीट ऐका — माझी जीभ घसरली नव्हती. शेगडीपुढं बसून, शांतपणे, नावाडिणीच्या जागी राणी घालून मी ते सगळं प्रकरण मनात लिहून काढलं. राणी रात्री वेश पालटून नदीवर येते, पोर काठावर ठेवते. अंगठी तिची, शाल तिची. नावाडीण नुसती सांभाळणारी. दोनदा घोकलं. माझ्या सातवीच्या अकलेला जमेल तेवढं बरं जमलं होतं.

दुपारी काकू आली तेव्हा कुसुमला घेऊन आली. कुसुम कधी यायची नाही, शाळा असायची. त्या दिवशी काकूनं तिला मुद्दाम शाळेला पाठवलं नव्हतं. पोर सोळा वर्षांची, नुकतं लग्न ठरलेलं, बोथजवळचा मुलगा. मला वाटलं, लग्नापायी शाळा बंद केली म्हणून आणली असेल. काकूनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, हेही मी पाहिलं. पाहिलं आणि वाचायला लागले.

डोळे 'नावाडीण' या अक्षरांवर होते आणि तोंडातून 'राणी' येत होतं. सखूबाई म्हणाली, घ्या, सुमनचंच खरं झालं. कुसुम म्हणाली, "हट्, म्हंजे डोंगेवालीचं कोनीच नाही?" मी पान उलटलं. मला जिंकल्याचा आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू — चहा होईपर्यंत होता.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. द्वेषात माणूस एकदा खोटं बोलतो.

दिवस मावळायच्या आधी काकू एकटी परत आली. पदरात मेथीची जुडी. दारातच उभी राहिली, मग आत येऊन माझ्यासमोर खाली बसली. म्हणाली, "सुमन, ते पान मले पुन्हा वाचून दाखव."

मी पुस्तक उघडलं. तिनं बोट एका ओळीवर ठेवलं, भलत्याच. म्हणाली, "नक्की रानीच लिवलंय का वं? एखांदा शब्द सुटला नसन ना?"

मी विचारलं, असं का विचारतेस काकू. तेव्हा तिनं सांगितलं. आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा.

"कुसुम माह्या बहिनीची नाही. मले बहीनच नाही. मालक गेल्यावर दोन सालानं झाली. गावात राह्यली असती तं तिले जगू दिलं नसतं, मलेबी नाही. मंग इकडं आली." पुढं म्हणाली, "तिचं लगन होऊन जाईन आता. म्हनलं, त्या डोंगेवालीनं सांगतलं का आपनबी सांगू. घाबरत होती मी. म्हनलं, तिनं सांगतल्यावर पोरगी काय म्हनते ते तं आयकू पुस्तकात. जाच्या आंधी एकडाव तं आई म्हनन मले."

पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. ते पान माझ्या अंगठ्याखाली होतं. 'मला ठाऊक होतं, आई.' चार शब्द. वाचायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "हो काकू. राणीच आहे."

तिनं मान हलवली. "बरं झालं बाप्पा. छापलेलं काई खोटं नसते. मावशीच बरी मी." आणि उठताना ती मेथी माझ्या ताटात ठेवून गेली, आमच्या रात्रीच्या भाजीला.

का बोलले मी असं? इतकी वर्षं हेच विचारते आहे. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दुपारचं खोटं उघडं पडलं असतं. सखूबाई चार दिवस हसली असती. वाचणारी म्हणून जी काय माझी पत होती ती गेली असती. बस. एवढ्यासाठी? — नाही, आणखी एक होतं. मला लेकरू होत नव्हतं, आणि हिला होतं, आणि ती ते असताना नाही म्हणत होती. तिनं सांगितलं त्या क्षणी मला तिची कीव आली नाही. हेवा वाटला. आठ दिवस मला पेज भरवणाऱ्या बाईचा मला हेवा वाटला.

मग मी अडकले. सातवा भाग आला. त्यात तर तेजा पानोपानी नावाडिणीला आई म्हणते. मी प्रत्येक ठिकाणी 'मावशी' वाचलं. काकू समोर बसून ऐकायची. कधी एखादा प्रसंग तेजा आणि नावाडीण दोघींचाच असायचा, तो मी गाळायची, आणि मग पुढचं जुळेना की तोंडानं काहीतरी रचायची. सकाळी दोनदा वाचून भागेना, चारदा वाचायची. आदल्या दिवशी काय रचलं ते लक्षात ठेवायची. ह्यांनी विचारलं, अगं तू पुस्तक वाचतेस की परीक्षेला बसतेस?

आणि एक दिवस कुसुम आली. शाळेत हिंदी शिकली होती, अक्षरं तीच. हळूहळू वाचेन म्हणाली. तेजाची गोष्ट तिला फार आवडली होती. सहावा भाग मागत होती. तो वानखेडे भाऊजींनी अजून परत नेला नव्हता, सातव्याबरोबर माझ्या पेटीतच होता. मी म्हटलं, उद्या देते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही भाग शेगडीत घातले. जाड सुतळीनं शिवलेली बांधणी, लवकर जळेना. चिमट्यानं पानं सुटी करावी लागली.

भाऊजींना सांगितलं, छपरातून पाणी गळलं, लगदा झाला. त्यांनी वाचनालयात काय निस्तरलं मला माहीत नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्यानंतर पुस्तकं आली नाहीत, आणि काजळकोटाचे पुढचे दरवाजे आम्हाला कुणालाच उघडलेले कळले नाहीत.

कुसुमचं लग्न वैशाखात झालं. कन्यादानाला कोण बसणार? काकू विधवा, तिला त्या पाटावर जागा नव्हती. रीतच तशी. जोडपं पाहिजे. काकूनं सगळी ओळ सोडून आमचं नाव घेतलं. सखूबाई हळूच म्हणाली, या दोघांना लेकरू नाही, शुभकामात चालेल का? काकूनं तिला तिथल्या तिथं गप्प केलं. "सुमनले कोनी काई बोलाचं नाही. माह्या पोरीचं कन्यादान तिच करन." माझ्या पोरीचं म्हणाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी पाटावर बसले. कुसुमचा हात माझ्या हातात दिला, वरून ह्यांनी पाणी सोडलं. मान वळवली तर मांडवाच्या खांबाआड काकू उभी होती, अक्षता मुठीत घट्ट धरून. टाकायच्या विसरली होती.

कन्यादान करणारे ते आईबाप, असं आमच्यात मानतात. त्या दिवसापासून कुसुम मला आई म्हणायला लागली. माहेरपणाला आली की आधी काकूच्या खोलीत पिशवी ठेवायची आणि तिथूनच मला हाक मारायची — आई. काकू तिच्या शेजारी बसलेली असायची. मी ओ द्यायची. काकू हसून बायांना सांगायची, म्या वाढवलं अन् सुमननं उजवलं. मी प्रत्येक वेळी ठरवायची, आज सांगते. पण आता काय सांगणार होते? मी खोटं वाचलं, हे सांगितलं की दुसरं येणारच — तुला ठाऊक असताना गप्प का राहिलीस? दर वर्षी त्या प्रश्नात एक वर्ष वाढत होतं.

काकू गेली तेव्हा कुसुम बोथहून दोन गाड्या बदलून वेळेवर पोचली. काकूची वाचा गेलेली, डोळे उघडे. कुसुम उशाशी बसून मावशी, मावशी करत होती. मी पायाशी. कुसुमच्या कानात सांगायला किती शब्द लागले असते? काकूनं ऐकलं असतं. एकदा माझ्याकडं पाहिलंही तिनं. कशासाठी पाहिलं कोण जाणे. मी तिचे पाय चोळत राहिले.

मावशीचं जेवढं सुतक धरतात तेवढंच कुसुमनं धरलं. आईचं नाही.

हे गेल्यावर कुसुमनं मला बोथला आपल्याकडं आणलं. आईला एकटी कशी ठेवू, म्हणाली. तिच्या घरात, तिनं दिलेल्या कॉटवर बसून मी हे लिहिते आहे. ती मला ऊन पाणी देते, औषध देते, पहिली भाकरी माझ्या ताटात वाढते. हे कागद मी टपालात टाकणार आहे, तिच्या हातात देणार नाही. तेवढीच माझी हिंमत.

गेल्या महिन्यात ती माझे केस विंचरत होती. मधेच थांबून म्हणाली, "आई, ते काजळकोटाचं याद हाय का तुले? मले तं ते कधी पटलंच नाही. ती डोंगेवालीचीच असाले पायजे होती."

मी म्हटलं, "राणीचीच होती. मीच तर वाचलं होतं."

"हो, तू वाचलं म्हंजे तसंच असन," ती म्हणाली, आणि फणी फिरवत राहिली.